इमारत अजून व्हायची आहे, चित्र कोणत्या शैलीत काढू?

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणारी मैत्रीण आर्किटेक्ट आहे. पुण्यात तिचं आणि एका भागीदाराचं मिळून छोटं ऑफिस आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयाची नवी इमारत त्यांच्याकडे आली आहे. जुनी इमारत मोडकळीला आली आहे, त्याच जागी चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतींची आणि उतरत्या कौलारू छपराची नवी वास्तू व्हायची आहे. पैसा बराचसा देणग्यांतून उभा राहणार आणि देणगीदारांत मुंबईतले चाकरमानी जास्त. गणपतीत सगळे गावी आले की सभा भरेल. त्या सभेत आराखडा मांडायचा आहे आणि देणगीसाठी एक पुस्तिकाही छापायची आहे.

भागीदार म्हणतो, सरळ फोटोसारखा थ्रीडी व्ह्यू करून टाकू, लोकांना रेषा कळत नाहीत. तिला ते नको आहे. मागे एका बंगल्याच्या कामात असा व्ह्यू फार लवकर दाखवला गेला, आणि पुढच्या बैठका फरशीचा रंग आणि दारातली गाडी यांवरच खर्ची पडल्या. खोल्यांच्या मांडणीकडे कुणी पाहिलंच नाही. आता शाईची रेषा, जलरंग, सपाट रंगांचं अ‍ॅक्सोनोमेट्रिक (वरून तिरकं पाहिल्यासारखं, मापात राहणारं चित्र) आणि कोलाज अशा चार शैली तिनं करून पाहिल्या आहेत. ती विचारते: "चारही आवडतात. ऑफिसची ओळख व्हावी म्हणून एकच धरायची आहे, तर कोणती धरू? माझा हात काही फार चांगला नाही. संगणकातल्या थ्रीडी मॉडेलवर जलरंगाचा फिल्टर मारला किंवा एआयकडून चित्र करून घेतलं तर चालेल का? आणि फोटोसारखं चित्र न देणं म्हणजे लोकांपासून काही लपवणं तर होत नाही ना?"

प्रिय मैत्रिणी,

तुम्ही सगळ्यांत शेवटी जे विचारलंत, ते मला सगळ्यांत आधीचं वाटतं. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

फोटोसारख्या चित्रात कोरी जागा सोडता येत नाही. भिंत दाखवली की तिला काही तरी रंग, काही तरी पोत द्यावाच लागतो. जमीन दाखवली की फरशी आली, आकाश आलं, सावली आली. तुम्ही अजून फरशीचा विचारही केलेला नसतो, तरी सॉफ्टवेअरच्या साठ्यातली एखादी फरशी तिथं जाऊन बसते, आणि पाहणाऱ्याला ती तुमचा निर्णय वाटते. तुमच्या बंगल्याच्या मालकांनी फरशीवर वाद घातला यात त्यांचं काहीच चुकलं नाही. चित्रानं त्यांना फरशी ठरल्याचं सांगितलं होतं. तेव्हा हातानं काढल्यासारखं चित्र देणं म्हणजे लपवणं, हे मला पटत नाही. काही ठरायचं बाकी असताना ते ठरलेलं दिसू न देणं हा सचोटीचाच भाग आहे.

पण याची दुसरी बाजूही आहे. जलरंगाच्या एका ओल्या फटकाऱ्यात शेजारचा ट्रान्सफॉर्मर सहज विरघळून जातो. रेषेच्या चित्रात समोरचं शौचालय न काढता पुढे जाता येतं. इमारतीपेक्षा झाडं मोठी काढली की तिचा बोजडपणा झाकला जातो. या सगळ्या शैलींत लपवायला भरपूर वाव आहे, फोटोसारख्या चित्रापेक्षा थोडा जास्तच. म्हणून खरं-खोटं शैलीवर सोडू नका. सभेआधी एक कागद घ्या आणि दोन रकाने पाडा. एकात ठरलेलं सगळं लिहा: जोत्याची उंची, चिऱ्याच्या भिंती, छपराचा उतार, पडवीची रुंदी, आवारातला फणस राहणार की जाणार. दुसऱ्यात न ठरलेलं लिहा: खिडक्यांची झडपं, फरशी, कपाटांची लाकडं, दाराचा रंग. पहिल्या रकान्यातलं सगळं चित्रात ठाम रेषेनं, मापात यायला हवं. दुसऱ्या रकान्यातलं सैल, अर्धवट, सुचवल्यासारखं. शैली कुठलीही घ्या, हा हिशेब पाळा.

आता भागीदाराचं म्हणणं. लोकांना रेषा कळत नाहीत, हे मी आमच्या धंद्यात पुष्कळ ऐकते. पण याच लोकांना मोजणीचा नकाशा कळतो की नाही? भावाभावांत बांधावरून वाद असेल तर सत्तरीचे आजोबासुद्धा त्या नकाशातल्या एका रेषेवर बोट ठेवून तासभर बोलू शकतात. त्या नकाशाला ना रंग, ना सावली. ज्या गोष्टीत आपलं काही गुंतलं आहे तिची रेषा माणसाला वाचता येते. तुमच्या चित्रात गावकऱ्यांचं काय गुंतलं आहे ते दिसलं पाहिजे, एवढीच अडचण आहे.

यावर अभ्यासही झाला आहे. १९९६ साली काही जर्मन संशोधकांनी आर्किटेक्ट आणि आर्किटेक्चरचे विद्यार्थी यांना एकाच इमारतीची वेगवेगळी चित्रं दाखवली: एक संगणकी रेखाचित्र, एक छायाप्रकाशाचं गुळगुळीत चित्र आणि एक हातच्या स्केचसारखं दिसणारं. पहिल्या कच्च्या मांडणीसाठी बहुतेकांचा कल स्केचकडे होता, अंतिम सादरीकरणासाठी संगणकी रेखाचित्राकडे किंवा गुळगुळीत चित्राकडे. आणि स्केचसारखं चित्र समोर असलं की माणसं त्याबद्दल बोलायला, त्यात बदल सुचवायला जास्त उद्युक्त होतात, असंही त्यांना आढळलं. यात तुमच्या भागीदाराचाही मान राहतो, कारण त्याच्या व्ह्यूची वेळ नंतर येणारच आहे. त्याकडे शेवटी येते.

आता एकच शैली धरण्याचं. ही कल्पना कुठून आली हे मला समजतं. मोठ्या ऑफिसांची चित्रं आपण पाहतो, लांबूनही ओळखू येतात, आणि वाटतं की आपलंही तसं काही असावं. पण त्या ओळखीच्या चित्रांमागे जरा खोल गेलं की बहुतेक वेळा एक नेमका प्रश्न सापडतो. न्यूयॉर्कमध्ये १९१६ साली कायदा झाला की उंच इमारतींनी वर जाताना ठरावीक मापानं मागं सरायचं, म्हणजे खाली रस्त्यावर उजेड पोचेल. त्या कायद्यात बसणारा जास्तीत जास्त मोठा आकार दिसतो कसा, हे कुणालाच डोळ्यांसमोर आणता येत नव्हतं. ह्यू फेरिस या चित्रकारानं १९२२ मध्ये ते टप्प्याटप्प्यानं काढून दाखवलं: आधी कायद्यानं दिलेला नुसता ढिगारा, मग त्यातून कापून काढलेल्या पायऱ्या, मग माणसांना वापरता येईल अशी इमारत. त्याचं माध्यम काळं, कोळशासारखं. खिडक्या नाहीत, दगड नाही, फक्त अंधार आणि वस्तुमान, म्हणजे इमारतीचा ठोकळा. प्रश्न वस्तुमानाचा होता, आणि कोळसा वस्तुमान फार चांगलं दाखवतो. पुढे ती त्याची ओळख झाली, पण जन्म प्रश्नातून झाला.

किंवा लंडनचे आर्किटेक्ट जॉन सोन पहा. बँक ऑफ इंग्लंडच्या इमारतीवर त्यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं घालवली. जोसेफ गँडी हा त्यांचा चित्रकार. त्यानं १८३० साली त्या बँकेचं वरून पाहिलेलं एक जलरंगचित्र केलं, छपरं उडालेली, भिंती अर्ध्यावर कापलेल्या. पाहणाऱ्याला ते भग्नावशेष वाटतात आणि त्याच वेळी आतली एकेक दालनं, त्यांची एकमेकांशी असलेली जोडणी सगळी वाचता येते. इतका पसरलेला, आतून गुंतागुंतीचा व्याप समोरून काढला असता तर नुसती एक लांबलचक भिंत दिसली असती.

म्हणून तुमच्या चार शैलींकडे मी आवडीनिवडीनं बघणार नाही. तुमच्या वाचनालयाला आत्ता कुठले प्रश्न आहेत ते बघते.

पहिला प्रश्न सभेतला. विश्वस्त, गावातले वाचक, शाळेचे मास्तर, सगळ्यांना एकच जाणून घ्यायचं आहे: आपण कुठून आत जाणार, वर्तमानपत्रं कुठं वाचणार, मुलं कुठं बसणार, पुस्तकं पावसापासून लांब आहेत ना? याला अ‍ॅक्सोनोमेट्रिकसारखं दुसरं काही नाही. त्यात लांबची वस्तू लहान होत नाही, समांतर रेषा समांतरच राहतात, आणि अक्षांच्या दिशेनं पट्टी लावून मोजताही येतं. प्लॅन तिरका फिरवून त्यावरच उंची उभी केली, तर प्लॅनची मापं आणि कोन जसेच्या तसे राहतात, म्हणजे तुमचं निम्मं काम आधीच झालेलं असतं. छप्पर उचलून वर तरंगतं ठेवा. त्याचं आढं, वासे, रीपा दिसू द्या. खाली भिंती खिडकीच्या उंचीपर्यंतच ठेवा. आत टेबलं, कपाटं आणि माणसं. ज्या सभेत सगळे एकाच वेळी चित्राभोवती वाकून बोट दाखवणार, तिथं एकाच जागी उभ्या असलेल्या डोळ्यातून काढलेलं चित्र कमी पडतं. असं परस्पेक्टिव्ह चित्र पाहणाऱ्याला एका जागी उभं करतं. अ‍ॅक्सोनोमेट्रिकमध्ये प्रत्येकाला आपापल्या कोपऱ्यात शिरता येतं.

ही पद्धत परकी वाटण्याचंही कारण नाही. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी १९२७ साली पुण्यात जन्मले, मुंबईच्या जेजेत शिकले आणि अहमदाबादला स्थिरावले. तिथल्या स्वतःच्या स्टुडिओची, 'संगत'ची, त्यांनी जी चित्रं केली त्यांत लघुचित्रांची रीत आहे. जमीन वरून पाहिलेली, भिंती समोरून, झाडं आडवी, माणसं आणि पशुपक्षी सगळे एकाच चौकटीत, आणि तरी डोळा कुठं अडखळत नाही. आपल्याकडच्या पाहणाऱ्याला एका चित्रात अनेक बाजू दिसण्याची सवय आहे. तुमच्या सभेत तिचा उपयोग होईल.

रंग मात्र मोजके ठेवा. चिऱ्याला एक, कौलांना एक, मोकळ्या जागेला एक, आणि ज्याबद्दल सभेनं निर्णय घ्यायचा आहे त्याला चौथा. समजा, मुलांचा विभाग पडवीत असावा की आत, यावर मतं हवी आहेत. मग तो चौथा रंग फक्त त्या दोन जागांना द्या. माणसं त्याबद्दलच बोलतील.

दुसरा प्रश्न पावसाचा, आणि मला वाटतं तुमच्या सगळ्या कामातला हा सर्वांत सुंदर प्रश्न आहे. कोकणातल्या वाचनालयाची पडवी हीच खरी वाचनाची जागा. श्रावणात बाकावर बसून पेपर वाचणाऱ्या माणसाच्या गुडघ्यावर झड येते की नाही, यावर ही इमारत चांगली की वाईट ते गावात ठरणार आहे. याला शाईच्या रेषेतला छेद हवा, म्हणजे इमारत उभी कापून आतलं दाखवणारं चित्र. छपराच्या टोकापासून पडणाऱ्या पागोळ्या एका बारीक तुटक रेषेनं खाली आणा आणि त्या जोत्याच्या कडेबाहेर, पन्हळीत नेमक्या कुठं पडतात ते दाखवा. बाक काढा, बाकावर माणूस काढा, त्याच्या हातात पेपर द्या. मग तिरक्या पावसाची दुसरी रेषा, वारा धरून, छपराच्या टोकापासून आत काढा. ती रेषा माणसाच्या गुडघ्याला लागत असेल तर पडवी अजून खोल हवी, किंवा छपराचं टोक अजून खाली यायला हवं. चित्र काढता काढताच डिझाइन दुरुस्त होईल. फोटोसारख्या व्ह्यूमध्ये हा पाऊस कधीच दिसला नसता, तिथं बहुधा निळं आकाश आलं असतं.

रेषेच्या चित्रात सगळा जीव जाडीत असतो. कापला गेलेला भाग, म्हणजे जोतं, भिंत, वासा, सगळ्यांत जाड: मूळ कागदावर ०.५ मिलिमीटर किंवा त्याहून थोडा जास्त. मागं दिसणाऱ्या कडा ०.२ ते ०.३. पोत, कौलांच्या ओळी, चिऱ्यावरचे छिद्रांसारखे ठिपके ०.१ नं. जांभ्या दगडाला आडव्या-उभ्या रेघोट्या मारू नका, तो विटेसारखा दिसायला लागतो. सांधे मोजकेच दाखवा आणि दोनचार चिऱ्यांवरच ठिपके द्या. बाकीची भिंत कोरी राहिली तरी डोळा ती भरून घेतो. आणि छपाईचा विचार आधी करा. ए-३ वर काढलेलं चित्र ए-५ पुस्तिकेत गेलं की बरोबर निम्मं होतं. ०.१ ची रेष तिथं ०.०५ मिलिमीटर उरते, म्हणजे उरतच नाही. ए-१ चं ए-४ केलं तर साधारण एक तृतीयांश. दाट हॅचिंग, म्हणजे जवळजवळ मारलेल्या समांतर रेघा, मोबाइलवर पाठवलं की बारीक रेघांचे विचित्र पट्टे उमटतात, आणि तुमच्या विश्वस्तांपैकी निम्मे लोक हे चित्र व्हॉट्सअ‍ॅपवरच पाहणार आहेत. म्हणून काम अर्धं झालं की ते लहान करून फोनवर पाहा, हात लांब धरून.

इथं आर्किटेक्ट लॉरी बेकर यांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. केरळात त्यांनी स्वस्त घरांबद्दल सामान्य माणसासाठी पुस्तिका केल्या, त्या स्वतःच्या हस्ताक्षरात आणि स्वतःच्या पेनच्या रेषेत. एका बाजूला नेहमी करतात ते, दुसऱ्या बाजूला त्याहून बरं काय. या चित्रांत देखणेपणाचा हट्ट नाही, तरी गवंडी आणि घरमालक दोघांनाही ती वाचता येतात. तुमच्या पावसाच्या छेदाला हाच हात शोभेल.

तिसरा प्रश्न देणगीचा. मुंबईजवळ डोंबिवली-विरारला राहणारा माणूस लहानपणी ज्या वाचनालयात बसला, त्याला आकडे आणि छेद पुरणार नाहीत. त्याला तिथं असल्यासारखं वाटलं पाहिजे. इथं जलरंग खरंच कामाचा आहे. ओल्या चिऱ्याचा गडद तांबूसपणा, शेवाळाचा हिरवा, पावसाळी करडं आकाश, आतून येणारा पिवळा उजेड हे पाण्याच्या रंगात जितकं सहज येतं तितकं बाकी कशात येत नाही. पण जलरंग फार लवकर गोड होतो. कोकणच्या घराचं गोड चित्र म्हणजे अंगणात तुळस, दारात रांगोळी, मागं समुद्र. तुम्हाला जुनं घर विकायचं नाही, नवं वाचनालय उभं करायचं आहे. चित्रात सध्याच्या गावातली माणसं आली पाहिजेत: स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसलेली मुलगी, गणवेशातली पोरं, मोबाइल चार्जिंगला लावून पेपर वाचणारा रिक्षावाला. आणि तो ट्रान्सफॉर्मर. तो काढाच. गावचा माणूस तो आधी शोधेल, आणि तो सापडला की बाकीच्या चित्रावरही विश्वास ठेवेल.

फणसाबद्दल एक. झाड चित्राच्या कडेला शोभेसाठी लावू नका. मॅरियन महोनी या अमेरिकन आर्किटेक्टनं तिथल्याच फ्रँक लॉइड राइट या नामवंत आर्किटेक्टच्या ऑफिसात असताना जी चित्रं केली, त्यांत जपानी छापचित्रांचा ठसा आहे आणि झाडांची पानं, फांद्या इमारतीइतक्याच कसोशीनं काढल्या आहेत. १९१० मध्ये बर्लिनहून राइटच्या कामाचा जो गाजलेला चित्रसंच निघाला, त्यातल्या बऱ्याच चित्रांमागे तिचाच हात होता. पुढे नवरा वॉल्टर बर्ली ग्रिफिन याच्याबरोबर तिनं ऑस्ट्रेलियाची नवी राजधानी कॅनबेरा हिच्या आराखड्याच्या स्पर्धेसाठी चित्रं केली, आणि १९१२ साली ती स्पर्धा त्यांनी जिंकली. तिच्या चित्रांत झाड हटवलं तर इमारत अपुरी वाटते. तुमचा फणस राहणार असेल तर जागेवर जाऊन त्याचा बुंधा, फांद्यांचा पसारा बघून काढा. गावातला प्रत्येक जण त्याला ओळखतो.

कोलाजबद्दल थोडक्यात सांगते. स्पर्धांना आणि कॉलेजच्या भिंतींवर ते फार छान दिसतं. पण त्यात कापून लावलेली माणसं बहुतेक वेळा कुठल्या तरी युरोपी शहरातली असतात, आणि रत्नागिरीच्या पडवीत ती पाहुणी दिसतात. जुन्या वाचनालयाचे फोटो, जुन्या नोंदवह्यांची पानं, सभासदांच्या पावत्या असं खरं साहित्य हाती असेल तर पुस्तिकेच्या मुखपृष्ठासाठी जरूर करा. आराखडा समजावण्यासाठी नको.

फिल्टर आणि एआय. मॉडेलमधून रेषा काढून घेण्यात मला काहीच गैर वाटत नाही. स्केचअप, राइनो अशा सॉफ्टवेअरमधून रेषा बाहेर काढणं हे आजचं रोजचं काम आहे, आणि त्यानं मापं पक्की राहतात. फिल्टरची अडचण वेगळी आहे. तो सगळीकडे सारखाच सैल होतो. हातानं काढणारा माणूस जिथं खात्री आहे तिथं घट्ट काढतो आणि जिथं नाही तिथं सोडतो. फिल्टरला तुमचे दोन रकाने माहीत नसतात. कौलाची कडाही त्याच थरथरत्या रेषेत, झाडही त्याच. एआयचा धोका याहून मोठा आहे. तुम्ही सहा खिडक्या दिल्या तर तो पाच किंवा सात करून देईल, खांबाचं अंतर बदलेल, कौलांच्या ओळी मध्येच वळवेल, आणि हे सगळं इतक्या सफाईनं करेल की सभेत कुणाच्या लक्षात येणार नाही. लक्षात येईल ते बांधकामाच्या वेळी. रंगसंगती शोधायला, आकाश कसं असावं याचे चार पर्याय बघायला वापरा. सभेत जाणाऱ्या चित्रात त्यानं काढलेली एकही रेष इमारतीची नसावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमचा हात फार चांगला नाही म्हणता. या कामाला लागतो तेवढा हात कमावता येतो. मॉडेलमधून हवा तो व्ह्यू फिक्या रेषेत छापून घ्या, त्यावर ट्रेसिंग ठेवा आणि फक्त पहिल्या रकान्यातलं आधी पेनानं काढा. मग तो कागद बाजूला ठेवून दुसऱ्या ट्रेसिंगवर माणसं, झाडं आणि न ठरलेलं काढा. दोन्ही स्कॅन करून वेगवेगळ्या थरांत ठेवा. रंग तिसऱ्या कागदावर, जाड कागदावर, चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा असेल तर उत्तम. तोही वेगळा स्कॅन करा आणि रेषांच्या खाली सरकवा. म्हणजे रंग सांडला तर रेषा वाचते, आणि सभेनं खिडकी हलवायला सांगितली तर सगळं चित्र पुन्हा रंगवावं लागत नाही. छापलेल्या रेषांवर थेट जलरंग लावणार असाल तर आधी एका कोपऱ्यावर ओला ब्रश फिरवून पाहा. साध्या इंकजेटची शाई पसरते, लेझर प्रिंटची टिकते.

सभेआधी चित्रं गावातल्या अशा एखाद्या माणसाला दाखवा ज्याचा बांधकामाशी काही संबंध नाही. ग्रंथपाल चालतील, शेजारच्या दुकानदार बाई चालतील. एक मिनिट पाहू द्या, मग कागद उलटा ठेवा आणि विचारा, काय काय दिसलं? "छान आहे का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. त्या जर म्हणाल्या की पाऊस दिसला आणि मुलं बाहेर बसलेली दिसली, तर चित्र पोचलं. झाड छान आहे एवढंच म्हणाल्या, तर इमारतीची रेष आणखी ठळक करा.

तर तुमच्यासाठी माझं सांगणं असं. सभेत मोठं अ‍ॅक्सोनोमेट्रिक आणि त्याच्या शेजारी पावसाचा छेद, दोन्ही एकाच पेनच्या हातानं आणि त्याच चार रंगांत. पुस्तिकेत एकच जलरंगचित्र, आणि त्याच्या समोरच्या पानावर तोच छेद लहान करून. तीन चित्रं तीन शैलींत झाली म्हणून ऑफिसची ओळख पुसत नाही. अक्षरं सारखी ठेवा, माणसं काढायची रीत सारखी ठेवा, रंगांची पेटी एकच ठेवा. चार कामं अशी केलीत की लोक तुमची चित्रं ओळखायला लागतील, आणि ती कशामुळे ओळखली हे बहुधा त्यांनाही सांगता येणार नाही.

अशाच पेचात असलेल्या बाकीच्या वाचकांसाठी दोन गोष्टी. जुना वाडा दुरुस्त करणाऱ्यांनी जलरंगाआधी मोजमापाची रेखाचित्रं करावीत. तुळया, कडीपाटाचं छत, भिंतीतले कोनाडे आहेत तसे मापात काढले की नवं आणि जुनं वेगळ्या जाडीनं दाखवता येतं, आणि मालकाला खर्च कुठं होतोय ते कळतं. आणि फ्लॅटच्या जाहिरातींसाठी चित्रं काढणाऱ्यांनी असं समजू नये की हातची शैली वापरली म्हणजे जबाबदारी सुटली. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि नुकसान झालं, तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते. जलरंगातली बागही तिथं बागच. मंजूर नकाशात नसलेलं झाड, तळं, जॉगिंग ट्रॅक काढायला बिल्डरनं सांगितलं तर मंजूर नकाशा मागा आणि त्यात असेल तेवढंच काढा.

राहता राहिला भागीदार. त्याला सांगा की त्याचा फोटोसारखा व्ह्यू तुम्हाला हवा आहे, सभेनंतर. दुसरा रकाना रिकामा होत आला, फरशीचे नमुने जागेवर येऊन पडले, खिडकीची झडपं सुतारानं एक करून दाखवली, म्हणजे तो व्ह्यू करा. त्या वेळी पोत अंदाजानं निवडावे लागणार नाहीत, तुमच्याकडे खऱ्या चिऱ्याचा आणि खऱ्या फरशीचा फोटो असेल. तोवर त्याचा वेळ सभेच्या अ‍ॅक्सोनोमेट्रिकचं मॉडेल चोख करण्यात घाला. छपराचे वासे मोजून बसवायचे आहेत, आणि ते काम पेनपेक्षा मॉडेलमध्ये कितीतरी चांगलं होतं. आणि पुढच्या कामाच्या फीच्या पत्रात लिहून ठेवा: कोणत्या टप्प्याला कोणतं चित्र मिळेल, आणि व्ह्यू साहित्य ठरल्यानंतरच. क्लायंट पहिल्याच बैठकीत थ्रीडी मागतात, तेव्हा हे एक वाक्य दाखवता येतं.

तुमची स्नेही,
सदरलेखिका